घंटेला सा, माठाला ग

आमच्या हायस्कूलची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता, वऱ्हांड्याच्या तुळईला जाड तारेनं टांगलेला. त्यावर टोला कुठं मारायचा याची जागा ठरलेली होती. खालून वीतभर वर पांढऱ्या रंगाची एक रेघ होती आणि शिपाईमामांनी त्या रेघेवरच हाणायचं. रेघ सरांनी ओढलेली. "इथं मारलं की पेटीची काळी दोन वाजते, मामा. खाली मारलं की नुसतं लोखंड वाजतं," असं त्यांनी मामांना समजावलं होतं. मामांना काळी दोन काय आणि पांढरी पाच काय, सगळं सारखंच. पण टोला चुकला की सर शिकवत असलेला वर्ग तसाच टाकून वऱ्हांड्यात धावत येत, म्हणून बिचारे मामा रेघ सांभाळून होते.

मी त्या शाळेत गणित शिकवायला रुजू झाले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. श्रीरामपूर-नेवासा रस्त्यावरचं मोठं गाव, चहूबाजूंनी ऊस, मळीचा वास आणि गाळपाच्या दिवसांत कपड्यांवर पडणारी काळी राख. मी श्रीरामपूरला खोली घेऊन राहत होते आणि एस.टी.नं ये-जा करत होते. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या हातून डब्याचं झाकण फरशीवर पडलं. कोपऱ्यात भाकरी खात बसलेल्या पन्नाशीच्या एका किडकिडीत गृहस्थांनी मान वर केली, क्षणभर कान दिला आणि म्हणाले, "कोमल धैवत." मग पुन्हा भाकरी खायला लागले. या माणसापासून चार हात लांब राहायचं असं मी तिथल्या तिथं ठरवलं. पण ते काही मला जमलं नाही.

रेघ ओढणारे सर ते हेच. शिकवायचे विज्ञान. संगीताचं पद आमच्या शाळेत नव्हतंच. तरी पोरं त्यांना पाठीमागं पेटीसर म्हणायची, कारण रोजच्या प्रार्थनेला स्वतःच्या घरची हार्मोनियम सायकलच्या कॅरिअरला बांधून ते आणायचे आणि शाळा सुटली की परत न्यायचे. शाळेत ठेवा म्हटलं तर म्हणायचे, "रात्री उंदरं वाजवतात." बाकीचे शिक्षक खिशाला पेन लावतात, सरांच्या खिशाला नादकाटा असायचा, प्रयोगशाळेतला. चालता चालता तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा त्यांना नाद होता. आठवीच्या पुस्तकात ध्वनीचा एकच धडा. तो सर दिवाळीनंतर घ्यायला बसत आणि संक्रांतीला उठत. मग चुंबकत्व आणि उष्णता एका आठवड्यात उरकून टाकत. पोरांना आयुष्यभर चुंबक म्हणजे काय ते नीटसं कळलं नसेल, पण विहिरीत दगड टाकून आवाजावरून पाणी किती खोल आहे हे सांगणारी पोरं मी त्याच गावात पाहिली.

पाचवीत आलेल्या प्रत्येक पोराला दिवाळीपर्यंत सात सूर ओळखता आले पाहिजेत, हा सरांचा खाजगी अभ्यासक्रम होता. शिक्षाही तीच. दंगा करणाऱ्या पोराला भिंतीकडं तोंड करून उभं करायचं, मागून पेटीची एकेक पट्टी दाबायची आणि ओळीनं पाच सूर बरोबर सांगितले की सोडायचं. ऊसतोड्याचं पोर असो नाहीतर किराणा दुकानदाराचं, सगळी त्या भिंतीशी उभी राहिलेली. "आधी कान उघडा, मग तोंड," हे त्यांचं आवडतं वाक्य. माझा कान मात्र काही उघडला नाही. मला सूर आणि कुकरची शिट्टी सारखीच. हे कळल्यावर सर माझ्याकडं, जेवायला न मिळालेल्या माणसाकडं बघावं तसे बघायला लागले.

एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. वहिनींनी चहा ठेवला आणि हसत म्हणाल्या, "बाई, यांच्या घरात भांडं पडलं की हे आधी सूर सांगतात, अन् मग इचारतात पाय भाजला का."

"भाजला हुता का?" सर म्हणाले.

"भाजला हुता ना! गेल्या वर्साला. तुमी पंचम म्हणून मोकळे झाला."

"मध्यम हुता तो," सर म्हणाले. वहिनींनी माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. पण चहात त्यांनी सरांसाठी वेगळं आलं किसून घातलं होतं, ते मी पाहिलं.

या सरांची दुसरी भानगड म्हणजे निवडणूक. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं शालेय मंत्रिमंडळ निवडायचे. इतर शाळांत वर्गशिक्षक एका हुशार पोराला पुढं उभं करतात, बाकीचे हात वर करतात, टाळ्या पडतात, मुख्यमंत्री तयार. आमच्याकडं ते चालत नसे. सर स्वतःच निवडणूक अधिकारी होत आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला लाखेचं सील करत. वर्गाच्या कोपऱ्यात वहिनींच्या जुन्या नऊवारीचा आडोसा केला जाई. आडोशाच्या आत उभं राहून कुठून काही दिसतं का, हे ते खिडकीतून, दारातून आणि एकदा तर कौलं सरकवून वरून बघून आले होते. आचारसंहिताही होती. रांगेत चकार शब्द काढायचा नाही. प्रचाराला बोरं वाटणाऱ्या एका उमेदवाराची बोरं त्यांनी जप्त केली होती. ती आम्ही स्टाफरूममध्ये मीठ लावून खाल्ली. उमेदवाराला बिया परत मिळाल्या.

"एवढा खटाटोप कशाला, सर? पोरांचाच खेळ आहे," असं मी एकदा बोलून गेले. आम्ही फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभे होतो. सर सायकल हातात धरून मला सोबत म्हणून थांबायचे आणि गाडी वळणाआड असतानाच ती कुठल्या डेपोची ते सांगायचे. "ही नेवाशाची हाय, गिअर टाकताना रडतीय." आणि नेवाशाचीच निघायची. त्या दिवशी मात्र ते गाडीबद्दल काही बोलले नाहीत.

"मी चौथीत हुतो," ते म्हणाले. "आमच्या पारनेरच्या बाजूला. गुरुजींनी मॉनिटरसाठी हात वर करायला सांगितलं. एक सरपंचाचा पोरगा, दुसरा माझा दोस्त. मी दोस्तासाठी हात वर केला. सगळ्या वर्गात दोनच हात, एक त्याचा अन् एक माझा. माझा बाप सरपंचाच्या विहिरीवर कामाला. सांजच्याला त्याच्या कानावर गेलं. बापानं मारलं न्हाई, बाई. माझा हात धरला, सरपंचाच्या दारात नेलं, अन् मान खाली घालून म्हणला, पोराचं चुकलं. मला अजून कळंना, काय चुकलं हुतं."

गाडी आली. मी चढले, तर मागून सर म्हणाले, "हात वर करून हुतं ते मतदान न्हाई, बाई. ती हजेरी." पुढं हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. पण पहिल्यांदा ऐकलं ते असं.

मग शाळेत कॉम्प्युटर आले. साखर कारखान्यानं दोन दिले. त्यांची पूजा झाली, हार घातले गेले आणि एका खोलीला कॉम्प्युटर लॅब अशी पाटी लागली. चपला बाहेर काढूनच आत जायचं. मी नगरला सहा आठवड्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, एवढ्या भांडवलावर ती खोली माझ्या गळ्यात पडली. त्याच सुमारास आमचे मुख्याध्यापक पुण्याला प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना ऑनलाईन हा शब्द घेऊन आले. गावात इंटरनेट सोडा, शाळेच्या फोनला कुलूप असायचं. पण मुख्याध्यापकांना तो शब्द फार आवडला होता. भर सभेत त्यांनी जाहीर केलं, "यंदाची आपली शालेय निवडणूक ऑनलाईन होणार. जिल्ह्यात पहिली!"

मला वाटलं, सर आता पेटणार. नऊवारीचा आडोसा आणि लाखेचं सील सोडून हा माणूस कॉम्प्युटरला हात लावू देणार नाही. पण सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ह्या डब्यात मत पडल्यावर कुणाचं हे कुणालाच कळणार न्हाई ना?"

"नाही कळणार."

"अक्षरावरून बी न्हाई?"

"अक्षर कुठून येणार, सर? नुसतं बटण दाबायचं."

सर खूश झाले. चिठ्ठीवरच्या फुलीच्या वळणावरूनसुद्धा पोर ओळखू येतं, याची त्यांना कित्येक वर्षं टोचणी होती. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसायला लागले. श्रीरामपूरचा दुकानदार येऊन लॅबपासून मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत वऱ्हांड्यातून एक काळी वायर टाकून गेला. म्हणजे मत इकडं पडायचं आणि तिकडच्या पडद्यावर दिसायचं. हेच आमचं ऑनलाईन. मुख्याध्यापकांना आपल्या पडद्यावर कोण पुढं, कोण मागं, हे क्षणाक्षणाला हवं होतं. सरांनी ते उडवून लावलं. पडद्यावर फक्त किती जणांनी मत दिलं तेवढंच दिसेल, निकाल संध्याकाळी एकदम. बराच वेळ वाद झाला. शेवटी मुख्याध्यापक दमले.

मुख्यमंत्रिपदाला तिघं उभे होते. दहावीतला विश्वजित, त्याची निशाणी घंटा. त्याच्या घरचा मोठा ऊस आणि चुलते शाळा समितीवर. नववीतली सुजाता, निशाणी माठ. तिचे वडील कारखान्यात फिटर, आणि वक्तृत्वाची सगळी बक्षिसं तिची. तिसरा सगळ्यांना हसवणारा एक पोरगा, निशाणी शिडी. मी कीबोर्डवर पुठ्ठा बसवला आणि त्याला तीन भोकं पाडून शेजारी चित्रं चिकटवली. तालमीला पाचवीतलं एक पोर आलं. त्यानं बटण दाबलं, पडदा लुकलुकला आणि कोरा झाला. पोर तिथंच उभं. "पडलं का?" म्हणालं. पडलं, म्हटलं. "पण माठालाच पडलं का?" आणि त्याचे डोळे भरून आले.

सर विचारात पडले. दुसऱ्या दिवशी आले ते एका कागदावर कंपनसंख्येचे आकडे लिहूनच. "बाई, यातून आवाज काढता येतो ना? मग घंटेला सा लावा, माठाला ग अन् शिडीला प. पोरानं बटण दाबलं की सूर वाजंल. आपलं मत कुठं गेलं, ते त्याचं त्याला कळंल." मी आकडे घातले. तिन्ही वेळा काहीतरी पी वाजलं. सर डोळे मिटून ऐकत होते. "पंचम जरा उतरलाय," म्हणाले. मी एक आकडा वाढवला तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. मग प्रार्थनेच्या वेळी पेटीवर वाजवून त्यांनी सगळ्या शाळेला सांगितलं, कोणत्या निशाणीला कोणता सूर.

मतदानाच्या दिवशी सकाळी सगळी शाळा वऱ्हांड्यात रांगेला लागली. पाचवी सगळ्यात पुढं. लॅबच्या दाराशी चपलांचा ढीग. मी दाराबाहेर टेबल टाकून बसले. नाव बघायचं, बोटाला शिक्क्याची जांभळी शाई लावायची आणि एकेकाला आत सोडायचं. सर आत, कॉम्प्युटरकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून खुर्चीवर बसलेले. आणि त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे! वहिनींच्या वातींचा कापूस मागून आणला होता. मी खुणेनंच विचारलं, हे काय? तर म्हणाले, "मला ऐकू आलं तर मला कळंल की, कोणी कुणाला दिलं ते. अधिकाऱ्याला कळून चालत न्हाई."

मतदान सुरू झालं. रांगेत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आचारसंहिताच तशी. पाचवी झाली, सहावी झाली. थोड्या वेळानं मला दिसलं की पोरं काहीतरी खेळ करतायत. आत पी वाजलं की रांगेतली पोरं हातांनी गोल माठ करत. पुन्हा पी वाजलं की मुठीनं तळहातावर टोला मारत. कुणी हवेत शिडी चढल्यासारखे पाय उचलत. तोंडातून आवाज एक नाही. मग बाहेर आलेल्या पोराकडं सगळे वळून बघत. खांबाशी विश्वजितचे दहावीतले दोस्त उभे होते, ते माठाच्या पोरांकडं बघून मान हलवत. विश्वजित स्वतः मैदानाच्या टोकाला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटलं, कंटाळलीत पोरं, खेळू देत.

मग आठवीतली मंगल माझ्या लक्षात आली. ती टेबलाजवळ आली की मागच्या पोरीला पुढं करायची आणि स्वतः चार-पाच पोरींच्या मागं जाऊन उभी राहायची. दोनदा तसं झालं. तिसऱ्या वेळी मी तिचं मनगट धरलं.

"काय गं, बोटाला शाई लागायची भीती वाटते का?"

ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, मला मत द्यायचंच न्हाई."

"का?"

"वाजतंय ना."

"काय वाजतंय?"

"सूर. भायेर समद्यांना ऐकू येतो." मग आवाज आणखी बारीक करून म्हणाली, "आमी त्यांच्याच मळ्यात ऱ्हातो, मॅडम."

मंगलचे वडील विश्वजितच्या घरी सालगडी होते आणि ते सगळे मळ्यातल्याच खोलीत राहत होते. ती कुणाला मत देणार होती, देव जाणे. मी विचारलं नाही. पण पोरांचा तो खेळ मला एकदम कळला. मी तशीच आत गेले. सर भिंतीकडं बघत बसलेले. हाका मारून उपयोग नव्हता, म्हणून मी त्यांच्या एका कानातला बोळा सरळ ओढून काढला.

"सर, बाहेर ऐकू येतंय!"

"काय?"

"तुमचे सूर! पोरं ओळखतायत. सगळी पोरं."

सर उठून दारात आले. "पुढचा सोडा," म्हणाले. मी एका पोराला आत सोडलं. सूर वाजला आणि अख्ख्या वऱ्हांड्यानं हातांनी माठ केला, पार रांगेतल्या शेवटच्या पोरापर्यंत. खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणाला सरांचा चेहरा आनंदानं उजळून निघाला. "बघा बाई," ते कुजबुजले, "यंत्रातला गंधार बी ओळखला!" आणि मग तो चेहरा माझ्यासमोर हळूहळू विझला. स्वतःचे कान त्यांनी आठवणीनं बंद केले होते. आपण इतकी वर्षं भिंतीशी उभं करून करून उघडलेले कान मात्र ते विसरले होते.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी नुसतं मंगलकडं पाहिलं. ती खांबाआड उभी होती. सर तिच्याकडं बघत राहिले. मला फाट्यावरची ती संध्याकाळ आठवली आणि त्यांनाही काय आठवत असेल ते मला कळलं. या माणसाचं मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

"थांबवा," सर म्हणाले. "समदं पुसून टाका."

मुख्याध्यापक धावत आले. त्यांच्या पडद्यावरचा आकडा एकदम शून्य झाला होता. "अहो, काय केलंत? आत्ता पाहुणे येतील, वार्ताहर येतोय. मतं तर बरोबर पडत होती ना?"

"मतं बरोबर पडत हुती, साहेब. पण भायेर वाजत हुती."

"मग आवाज बंद करा आणि पुढं चालू ठेवा. झालेली झाली!"

"झालेली कशी हुतील? ज्यांची ऐकली गेली त्यांनी काय करायचं? उद्या घरी जाऊन कुणापुढं मान खाली घालायची?" सरांचा आवाज चढला होता. मी त्यांना मुख्याध्यापकांवर चढ्या आवाजात बोलताना त्याआधीही ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. मुख्याध्यापकांनी घाम पुसला.

मग सर वऱ्हांड्याच्या पायरीवर उभे राहिले. "पोरांनो, चूक माझी हाय," ते म्हणाले. "आत्तापर्यंत झालं ती तालीम. ती मी पुसली. आता खरं मतदान, पुन्हा पाचवीपासून. ज्याला बदलायचं त्यानं बदलावं, ज्याला न्हाई त्यानं बदलू नये. आता कुणी कुणाला दिलं, ते मला बी कळणार न्हाई अन् ह्या खांबाला बी कळणार न्हाई." खांबाशी उभे असलेले विश्वजितचे दोस्त जरा मागं सरकले. "आजवर मी तुमाला कान उघडा म्हणून सांगितलं. आज सांगतो, ऐकलं ते सोडून द्या."

मी कॉम्प्युटरपाशी बसले. "आवाज काढूनच टाकते."

"नगं. पाचवीच्या पोराला कळायला पाहिजे, मत पडलं म्हणून. तिघांना एकच सूर लावा."

"सा लावू?"

"सा घंटेचा झाला ना, बाई! समद्या शाळेच्या डोक्यात बसलाय. ग माठाचा. प शिडीचा." सर येरझाऱ्या घालायला लागले. तिकडं फाटकाशी जीप येऊन थांबली, मुख्याध्यापक दारात उभं राहून कासावीस झाले, आणि हा माणूस सूर निवडतोय! रे नको, तो साच्या फार जवळ. नी नको, तो वर ओढतो. "मध्यम," शेवटी ते म्हणाले. "शुद्ध मध्यम लावा. तो कुणाचाच न्हाई." मी तिन्ही ठिकाणी तोच आकडा घातला.

जीपमधून विश्वजितचे चुलते उतरले. गडगंज श्रीमंत, पण मोकळ्या स्वभावाचा माणूस. सरळ सरांकडं आले. "काय पेटीसर, आमचं पोरगं पुढं हाय ना?"

"माहीत न्हाई," सर म्हणाले. "चहा घ्या."

"आँ? तुमी अधिकारी अन् तुमाला माहीत न्हाई?"

"कुणालाच माहीत न्हाई." हे बोलताना सरांचा चेहरा पुन्हा सकाळसारखा झाला होता. चुलते हसले आणि चहा घ्यायला गेले.

आठवीची पाळी आली. मंगल आली. मी तिच्या दुसऱ्या हाताच्या बोटाला शाई लावली, पहिल्या फेरीत पोरांची एका हाताची बोटं रंगली होती म्हणून सगळ्यांनाच दुसऱ्या हाताला लावत होते. ती आत गेली. आत पी वाजलं, इतरांचं वाजलं होतं तसंच. वऱ्हांड्यातली एक-दोन पोरं सवयीनं हात उचलायला गेली आणि काय करावं न कळून तशीच राहिली. मंगल बाहेर आली, चपला घातल्या आणि उड्या मारत नळाकडं गेली. सर भिंतीकडं तोंड करून बसले होते, पण आता कानात कापूस नव्हता.

संध्याकाळी निकाल लागला. विश्वजित निवडून आला, थोडक्यात. त्याच्या दोस्तांनी त्याला खांद्यावर घेतलं. सुजाता हरली, पण मंत्रिमंडळात तिला वाचनालय मिळालं आणि विश्वजितपेक्षा जास्त काम तिनंच केलं. वार्ताहरानं जिल्ह्यातली पहिली ऑनलाईन शालेय निवडणूक म्हणून बातमी दिली. फोटोत मुख्याध्यापक, चुलते, हार घातलेला कॉम्प्युटर आणि कडेला सरांचा अर्धा खांदा.

फाट्यावर मी म्हटलं, "सर, एवढं केलंत, आणि सुजाता तर हरलीच."

"मी कुठं सुजातासाठी केलं?" सर म्हणाले. आणि लगेच कान टवकारून, "श्रीरामपूरची आली. पळा."

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, मी पुन्हा त्याच पट्ट्यात आले. सर निवृत्त होऊन त्याच गावात राहिले. आठ-दहा वर्षांनी विधानसभेची निवडणूक होती, आता मतदान यंत्रांवर, आणि त्या दिवशी आमचंच जुनं हायस्कूल मतदान केंद्र होतं. माझं नाव तिथल्याच यादीत होतं. मी गेले तर बायकांच्या रांगेशेजारी पुरुषांच्या रांगेत सर उभे. केस सगळे पांढरे, खिशाला नादकाटा तोच. दर थोड्या वेळानं आत यंत्र वाजायचं, लांब एकसुरी आवाज, आणि सर डोळे मिटून ऐकायचे. रांग पुढं सरकली तरी त्यांना भान नाही, मागचे लोक त्यांना ढकलत होते.

"समद्यांना एकच, बाई," मला बघून ते म्हणाले. "मघापासून ऐकतोय. म्हातारीला तोच, सरपंचाला तोच. कुणीतरी इचार करून केलंय."

"कोणता सूर आहे, सर?"

"त्याला काय करायचंय?" असं सर म्हणतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात आतून पुन्हा तो आवाज झाला आणि एक बाई बाहेर आली. कडेवर मूल, बोटाला शाई. सरांना बघून थांबली. मी ओळखली नाही, पण सरांनी ओळखली. मंगल. माहेरी आली होती, नाव अजून इथल्याच यादीत होतं. तिनं वाकून नमस्कार केला आणि मग डोळे मिचकावून म्हणाली, "सर, तुमी तर समदे सूर ओळखता. सांगा बरं, मी कुणाला दिलं?"

सरांनी मान वाकडी केली. कान दिला, तसा नेहमीसारखा, आवाज कधीच विरून गेला होता तरी. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"कळंना, पोरी," ते म्हणाले. "काईच कळंना!"